फणसावरचं आळंबं फणसांबाच आहे का? सेटा सापडत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात एमएस्सी बॉटनी करतेय, गाव मेढ्याजवळ. घरामागच्या जुन्या फणसाच्या खोडाला खुरासारखं कडक आळंबं आलंय, वरून काळं भेगाळलेलं, खालून तपकिरी मखमलीसारखं, भोकं इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत, कोयत्यानं काढावं लागलं. आजी म्हणते हा फणसांबाच, बाळाचं तोंड आलंय तर सहाणेवर उगाळून लावू. पुतण्या सात महिन्यांचा आहे हो, नक्की काय ते कळेपर्यंत थांबा म्हणून मी सगळ्यांशी भांडून बसलेय.

मला शंका गॅनोडर्माची, म्हणजे झाडांवर येणाऱ्या दुसऱ्या एका कडक आळंब्याची, त्याच्या सगळ्याच जाती काही लाखेसारख्या चमकत नाहीत. अर्ध्या ब्लेडनं नळ्यांचे पातळ काप घेतले, ५ टक्के केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले, लगेच काळपट झाले. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली स्पोर (बीजाणू) गोलसर, पिवळट तपकिरी, गुळगुळीत, आयपीसच्या पट्टीवर दोन घरं म्हणजे आमच्या स्कोपवर साधारण ५ मायक्रॉन. गॅनोडर्माचे दुहेरी भिंतीचे, एका टोकाला कापल्यासारखे असतात ना, तसा एकही नाही दिसला. मग फेलिनस, म्हणजे फणसांबा ज्या कुळातला ते, म्हणावं तर ते काट्यासारखे टोकदार तपकिरी सेटा आठ कापांत कुठेच नाहीत. क्लॅम्पही (हायफांच्या आडव्या भिंतीपाशी असणारे फुगवटे) दिसले नाहीत, पण जाड भिंतीच्या हायफांचा, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचा, एवढा गुंता आहे की पातळ हायफा सापडतच नाहीत, मग क्लॅम्प नाहीत असं म्हणायचं तरी कसं?

प्रतिसाद:
ताई, सेटा नाहीत म्हणून फेलिनसचं कुळ सोडू नका. त्यातल्या फुल्विफोमेसच्या बहुतेक जातींत सेटा नसतात. केओएचनं काळं पडणं गॅनोडर्मातही होतं, त्यावर विसंबू नका, तुमचे स्पोर जास्त बोलतायत. क्लॅम्पसाठी जुना भाग नको, आळंब्याची वाढती फिकट कड घ्या, केओएचमध्ये जरा भिजवा, दोन सुयांनी विंचरा आणि फ्लॉक्सिनचा रंग लावा, पातळ भिंतीच्या हायफा गुलाबी उठून दिसतील. आडव्या भिंतीपाशी कुबडासारखा फुगवटा दिसला तर क्लॅम्प, आणि या कुळात तो नसतो. जात कळली तरी बाळाला लावायचं का ते डॉक्टरांनाच विचारा.

धन्यवाद दादा. झाडावर अजून एक छोटं आहे, त्याची कड पिवळसर ओली दिसतेय. उद्या तीच घेऊन लॅबला जाते, बाळाला आजच दाखवून आणतो.