मदत हवी आहे : मागाच्या जुन्या शेडचं ऑफिस करायचंय (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत आमची वडिलोपार्जित यंत्रमागाची शेड आहे. माग विकले, आता ती रिकामीच पडून आहे. पाडून नवं बांधा, असं सगळे सांगतात. मला मात्र ती राखून पुतण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी २५ जणांचं ऑफिस करायचंय. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेकडे. थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखा उजेड. कापडातला दोष दिसावा म्हणून केलेली ही सोय स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनाही तितकीच कामाची. त्या काचा मी घालवणार नाही.

खरी अडचण पत्र्यांची. जुने सिमेंटचे पत्रे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस धरूनच चालायला हवं. मिस्त्री म्हणतो, भोकं पाडून खालून फॉल्स सीलिंग टांगू. पण भोकं पाडताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते. पत्रे ओले करून, न फोडता उतरवणारं आणि रीतसर विल्हेवाट लावणारं कोल्हापूर-सांगलीकडे कुणी माहीत आहे का?

दुसरं, कोबा. त्यात वर्षानुवर्षं तेल मुरलंय, मागांचे बोल्टही तसेच रुतलेत. वरून टाइल धरेल, की सगळा उखडावा लागेल?

स्ट्रक्चरल ऑडिट आणि वापरबदलाची परवानगी घेणारच आहे. आगीच्या बाबतीत तर तडजोड नाहीच. २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारात १४ जण गेले. शेडला सध्या एकच दार आहे. मागच्या भिंतीत दुसरं काढायचंय, पण ती वजन पेलणारी विटांची भिंत आहे. असं काम कुणी केलं असेल, तर लिंटेल (दारावरची, भिंतीचं वजन पेलणारी आडवी तुळई) कसा घातला ते कृपया सांगा.