मदत हवी आहे : पुनर्वसन समुपदेशक व्हायचंय, बीएनंतर नेमकं काय शिकू?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीजवळच्या एका गावात राहते. यंदा मानसशास्त्र घेऊन बीए झाले. अपंगत्व आलेल्या माणसांना पुन्हा कामाला, संसाराला लागायला मदत करणारी समुपदेशक व्हायचंय मला. कोर्स शोधून शोधून डोकं भणाणलंय, म्हणून इथे विचारते. जरा लांबेल, पण कारण सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या काकांचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला, मनगटाच्या वरपर्यंत. ऑपरेशन झालं, जखम भरली, टक्केवारीचा दाखला निघाला, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आलं, शिबिरात कृत्रिम हातही मिळाला. पण या सगळ्या वाटेवर एकानेही काकांना विचारलं नाही की आता दिवसभर काय करणार? तो हात दिसतो हातासारखा, पण त्याने म्हशीची धार निघत नाही. तो खुंटीला लटकला आणि काका माजघरात बसले, ते वर्षभर. काकू धार काढायला बसली, बादलीत चुळचुळ आवाज आला, की ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

त्यांना बाहेर काढलं आमच्या डेअरीच्या सचिवांनी. त्यांचा स्वतःचा एक पाय पोलिओने अधू आहे. एक दिवस येऊन कॉटवर बसले आणि म्हणाले, "म्हशीचं राहू दे. दुधाचं फॅट तपासायला एक हात पुरतो. उद्या सकाळी ये." त्यांनी लाकडी ठोकळ्याला खाच पाडून दिली. नमुन्याची बाटली त्यात घट्ट बसते, दुसऱ्या हाताने धरावी लागत नाही. रजिस्टरवर सही करता यावी म्हणून काकांनी चुलतबहिणीच्या दुरेघी वहीत दोन महिने डाव्या हाताने अआइई गिरवली. पहिल्या पानावरची अक्षरं रेघ सोडून पळालेली, शेवटच्या पानावर सरळ नाव. ती वही मी जपून ठेवलीय.

सचिवांना जे आतून सुचलं, ते रीतसर कुठे शिकायला मिळतं? माझा प्रश्न एवढाच आहे.

आतापर्यंत कळलेलं असं. आपल्याकडे १९९२चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. त्यातल्या पुनर्वसन व्यावसायिकांच्या व्याख्येतच व्होकेशनल काउन्सेलर, म्हणजे कामधंद्याबाबतचा समुपदेशक, येतो. परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सीआरआरमध्ये, नाव नसताना हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. कायद्यात पद आहे, पण आमच्या कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. मावसभाऊ अमेरिकेत आहे. तो सांगतो, तिकडे यासाठी वेगळी मास्टर्स पदवी असते. त्यात आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान २४० तास थेट माणसांसोबत. तिकडे जायची ऐपत नाही आणि इच्छाही नाही. माझी माणसं इथे आहेत, कडबाकुट्टीत आणि गुऱ्हाळात हात गेलेली, उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेले. पण तासांचा तो हिशेब मनात बसलाय.

म्हणून विचारते. आधी मानसशास्त्रात एमए करू की कोल्हापूरला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स? घरून पैसे वाचावेत म्हणून दूरशिक्षणाने एमए केलं तर पुढे अडतं का? आणि नोंदणीच्या आधी सांगली-मिरज भागात प्रत्यक्ष अनुभव कसा घ्यावा?

प्रतिसाद

ताई, मी साताऱ्यात विशेष शिक्षिका आहे. पहिली गोष्ट, नुसत्या एमए किंवा नुसत्या एमएसडब्ल्यूवर सीआरआर नंबर मिळत नाही. परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम वरून करावाच लागतो. तुमची बीए मानसशास्त्रात आहे, तर एमए आणि त्यानंतर रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीचा (पुनर्वसन मानसशास्त्राचा) पीजी डिप्लोमा, ही वाट सरळ पडेल. टाटा समाजविज्ञान संस्थेने समाजकार्यातच दिव्यांगत्व अभ्यासाचं एमए सुरू केलं होतं, तेही बघून ठेवा. ज्या संस्थेत प्रवेश घ्याल तिची मान्यता त्याच कोर्सला आणि त्याच वर्षाला आहे ना, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. संस्थेच्या तोंडी शब्दावर पैसे भरू नका. माझ्या एका मैत्रिणीचं वर्ष असंच वाया गेलं, आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

दूरशिक्षणाच्या एमएबद्दल, पुढच्या डिप्लोमाच्या संस्थेला ते चालतं का हे आधी लेखी विचारा.

दुसरं, २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मुळातून वाचा. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. ते ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना मिळतं. हात गमावलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा पैशांचाच असतो, त्यावेळी ही कलमं तोंडपाठ हवीत.

तुमच्या सचिवांनी जे केलं त्याला आम्ही कामाचे तुकडे पाडणं म्हणतो. धार काढणं, वैरण घालणं, दूध मापणं, फॅट काढणं, हिशेब लिहिणं, यातलं एका हाताने काय होतं आणि कशाला ठोकळा लागतो, हे माणसाशेजारी बसून लिहायचं. ते आत्तापासून करा.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद काल रात्री काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, डेअरीचं सगळं काम मी तुला तुकड्या-तुकड्याने सांगतो, तू लिहून घे. पहाटे पाचला त्यांच्याबरोबर डेअरीवर गेले होते, सात पानं झाली.

आता एकच विचारायचं राहिलं. पीजी डिप्लोमा करताना महाराष्ट्रातल्या खेड्यातली माणसं भेटतील अशी संस्था कुणी स्वतः शिकून पाहिली आहे का? तिथे रुग्णांशी मराठीत बोलायला मिळतं का, तेवढं सांगा.