मदत हवी आहे: कोरोनाचे निर्बंध चालू असताना मेडिकल काही दिवस बंद ठेवता येतं का?

अर्धं_शटर (१६ मे २०२१, रात्री ११:४०)
सरळ प्रश्न आहे. मेडिकल दोन-तीन आठवडे बंद ठेवायचं आहे. अत्यावश्यक सेवेतलं दुकान मालकाने आपणहून बंद ठेवलं तर कारवाई होते का? लायसन्सला धोका? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा. "लोकांचे हाल होतील" हे सांगू नका, ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सकाळपर्यंत कळलं तर बरं.

सुधागडकर
गाव कुठलं? दुकान स्वतःचं की नोकरीला आहात? लायसन्स कोणाच्या नावावर? काहीच न सांगता सकाळपर्यंत उत्तर हवंय, कमाल आहे.

तिसरा_डोळा
बंद करायची घाई का झाली ते कळतंय. एप्रिलभर इंजेक्शनांत हात धुऊन घेतले, आता धाडी पडायला लागल्या.

अर्धं_शटर
सांगली जिल्हा, तालुक्याचं गाव. दुकान घरचंच.
@तिसरा_डोळा, रेमडेसिवीर एप्रिलच्या मध्यापासून किरकोळ दुकानात येतच नाही. वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडून थेट दवाखान्यांना होतं. तरी दवाखाने नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन "बाहेरून आणा" म्हणतात आणि ती चिठ्ठी माझ्या काउंटरवर येते. नाही म्हटलं की तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच तोंडावर ऐकायचं. काळाबाजार करणारे पकडले जातायत, जाऊ देत, मला आनंदच आहे.

कायद्याचं_बोला
बंद ठेवू नका भाऊ. एस्मा (अत्यावश्यक सेवा कायदा) लागेल, थेट अटक.

भिंगरी
एस्मा संपाला लागतो हो. एका दुकानदाराने कुलूप लावलं म्हणून नाही. आणि राज्याच्या 'ब्रेक द चेन' निर्बंधांच्या आदेशात मेडिकलला उघडं ठेवायला सूट आहे, सक्ती नाही.
पण आधी हे सांगा, नोंदणीकृत फार्मसिस्ट कोण? तुम्ही की दुसरं कोणी?

अर्धं_शटर
मी. डी.फार्म. लायसन्स बायकोच्या नावावर आहे, ती फार्मसिस्ट नाही.

भिंगरी
मग हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना दादा! उत्तर यातच आहे. फार्मसी ॲक्ट १९४८, कलम ४२: चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मसिस्टशिवाय कोणी द्यायची नाहीत. म्हणजे तुम्ही हजर नसताना वहिनींनी किंवा पोऱ्याने दुकान चालवलं तर तो गुन्हा. तुम्ही नाही म्हणून बंद ठेवलं तर ते नियमाला धरूनच आहे. एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासन) जिल्हा कार्यालयात लेखी कळवा, पोच घ्या. माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही एवढंच केलं होतं, कोणी काही विचारलं नाही.

सुधागडकर
कलम ४२ म्हणे. निम्मी मेडिकल फार्मसिस्टच्या भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालतात. महेश झगडे साहेब एफडीएचे आयुक्त होते तेव्हा फार्मसिस्ट हजर हवाच म्हणाले, तर केमिस्टांच्या संघटनाच बंदची भाषा करत होत्या.

भिंगरी
तो वेगळा धागा काढा. इथे माणूस स्वतः काउंटरवर उभा आहे, त्याला काय ऐकवताय?

गोदाकाठचे_आजोबा
बाळा, कारण लिहिलं नाहीस, पण अशक्तपणा दिसतोय. पहाटे उठून गुळवेलीचा काढा आणि वीस मिनिटं अनुलोम-विलोम. मी वर्षभर करतोय, साधी शिंकसुद्धा नाही.

अर्धं_शटर
आजोबा, गुळवेलीच्या गोळ्या मीच विकतो.

निशिगंध_२१
विषय वेगळा आहे, माफ करा. अँफोटेरिसिन बी आहे का तुमच्याकडे? लायपोसोमल. काका मिरजेत ॲडमिट आहेत, म्युकर (काळी बुरशी). कुठेच मिळत नाहीये.

अर्धं_शटर
नाही. दुकानात शोधत फिरू नका, त्याचंही वाटप आता जिल्हा प्रशासनाकडून होतंय. ज्या दवाखान्यात आहेत त्यांनाच मागणी नोंदवायला लावा, पेशंटचे कागद जोडून. नोंदवली का ते रोज विचारा. ब्लॅकवाल्याला पैसे देऊ नका, बनावट माल फिरतोय.

लेस्टरकर
मी इथे यूकेत कम्युनिटी फार्मसीत आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी दिवसातले काही तास दार लावून आत काम करायची मुभा दिली होती, साठलेली प्रिस्क्रिप्शन्स उरकायला आणि जरा श्वास घ्यायला. शिवाय रिस्पॉन्सिबल फार्मसिस्ट दिवसातून दोन तास बाहेर राहू शकतो. भारतात अशी तरतूद का नाही? तुमच्या फार्मसी कौन्सिलने हा मुद्दा लावून धरायला हवा.

कायद्याचं_बोला
इथे माणसाला उद्याची चिंता आहे आणि हे कौन्सिलला निवेदन देणार.

तिसरा_डोळा
ऑनलाइनवाले २० टक्के सूट देऊन घरपोच देतात. दुकानं बंद झाली तरी काही अडत नाही.

गोळीवाला_कऱ्हाड
@तिसरा_डोळा, रात्री दोनला नेब्युलायझरचं सोल्युशन घरपोच मागवून दाखवा.
@अर्धं_शटर, मीही याच धंद्यात. तुमच्या समोर कोविड सेंटर आहे का? मदतीला कोण आहे? शेवटची सुट्टी कधी घेतलीत?

अर्धं_शटर
समोरच आहे, रस्ता ओलांडला की. त्या बाजूला मेडिकल माझं एकटंच. मुलगा होता हाताखाली, पॉझिटिव्ह आला, गावी गेला, आता घरचे परत पाठवत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. सुट्टी आठवत नाही.
गेल्या मार्चपासून हेच चाललंय. सरकारने तीन पदरी मास्क १० रुपये, सॅनिटायझर २०० मिली १०० रुपये ठरवलं, स्टॉकिस्टकडून त्याहून महाग येत होतं, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर जीआर दाखवून भांडत होतं. मग हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन एच-वनमध्ये (चिठ्ठीवरच द्यायचं, नोंद ठेवायची, त्या यादीत) गेलं, तर संधिवाताच्या नेहमीच्या आजींना मिळेना, कारण आधीच लोकांनी भीतीपोटी घरात भरून ठेवलं होतं. मग फॅबिफ्लू, मग आयव्हरमेक्टिन, दर महिन्याला नवीन औषध शॉर्ट. डॉक्टरांना कोणी विचारत नाही, त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही. सगळे मलाच विचारतात. ऑक्सिजन ८८ आलाय, काय करू? मी काय सांगू?
जानेवारीत आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सुरू झाली, किरकोळ मेडिकलवाले त्यात नाहीत. माझं वय ४१. १ मेपासून १८ च्या पुढच्यांची सुरू झाली, दहा-बारा दिवसांत राज्याने तीही थांबवली. पन्नास लाखांच्या विम्यातही आम्ही नाही.
तरी हे सगळं चाललं असतं. आता होत नाही ते वेगळंच आहे. लोक औषधं परत आणतात. मीच दोन दिवसांपूर्वी पिशवीत घातलेली. "राहिली आहेत, परत घेता का?" म्हणतात. कोण गेलं ते विचारावं लागत नाही, बिलावर नाव असतं. सुरुवातीला बोलायचो त्यांच्याशी. आता एक्स्पायरी बघतो, पैसे परत देतो, पुढचा कोण म्हणतो. परवा एक ओळखीचे सर रडत होते आणि मला फक्त एवढंच वाटलं की मागे रांग थांबली आहे. म्हणून बंद करायचंय. झालं समाधान?

सुधागडकर
हे माहीत नव्हतं. राग मानू नका.

मनमोकळी
दादा, तुम्ही लिहिलंय ना, की आता काही वाटत नाही, याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आपल्या वर्गीकरणात कामाशी संबंधित अवस्था म्हणून त्याची नोंद केली आहे: प्रचंड थकवा, कामाबद्दल कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुम्ही दगड झालेला नाहीत. केंद्र सरकारची 'किरण' हेल्पलाइन आहे, १८००-५९९-००१९, चोवीस तास, मोफत. झोप लागते का? जेवण जातं का?

अर्धं_शटर
ताई, मी हेल्पलाइन विचारली नव्हती. झोप लागते, पण फोन वाजला असं वाटून जाग येते.

मनमोकळी
नंबर लिहून ठेवा तरी. आणि रात्री फोन वहिनींकडे द्या.

गोळीवाला_कऱ्हाड
आता माझं ऐका. तीन आठवडे कुलूप लावू नका, आणि मी हे लोकांसाठी म्हणत नाही. फ्रीजमध्ये इन्सुलिन असेल, लाईट गेली तर काय? जवळच्या एक्स्पायरीचा माल या महिन्यात परत केला नाही तर स्टॉकिस्ट पुढे घेणार नाही. परत आल्यावर ते बघून आणखी डोकं फिरेल.
मी गेल्या सप्टेंबरात असं केलं: बीपी, शुगर, थायरॉईडच्या नेहमीच्या पेशंटांची महिन्याची पाकिटं आधीच बांधली आणि फोन करून बोलावून दिली. निम्मी गर्दी तिथेच कमी झाली. इन्सुलिन शेजारच्या मेडिकलला बिलाने फिरवलं. मग आठ दिवस पूर्ण बंद. नंतर महिनाभर फक्त ९ ते १. परत आलेली औषधं काउंटरवर घेणं बंद, बाहेर खोका ठेवला, मुलगा संध्याकाळी हिशोब करायचा. ते एक काम माझ्या हातातून गेलं आणि खूप फरक पडला.

भिंगरी
पूर्ण बंदच ठेवावं असं माझं मत. अर्धवट उघडलं की लोक घरी येतात.

गोळीवाला_कऱ्हाड
बंद असलं तरी घरी येतातच ताई. गाव आहे ते.

अर्धं_शटर
खोक्याचं डोक्यात आलं नव्हतं. पण खोक्यात टाकलेलं कोणी मध्येच उचललं तर? शेड्यूल एचचा माल उघड्यावर नको. बायको आतल्या खोलीत घेईल, तिला विचारलं, हो म्हणाली. अर्ज आत्ताच लिहिला, उद्या एफडीएला मेल करतो आणि प्रतही नेऊन देतो. गुरुवारपर्यंत पाकिटं बांधून होतील, शुक्रवारपासून आठ दिवस बंद. पुढचं नंतर.
@निशिगंध_२१, मागणी नोंदवली का?

निशिगंध_२१
हो, आज दुपारी. अजून आलं नाही.

लेस्टरकर
आठ दिवस कमी आहेत. किमान तीन आठवडे घ्या, मी आधीच लिहिणार होतो.

खटपट्या
धागा पूर्ण वाचलेला नाही, पण मेडिकल टाकायचं असेल तर किमान १० चौरस मीटर जागा लागते, फ्रीज लागतो, आणि फार्मसिस्ट शोधायला वेळ जातो. बाकी सध्या या धंद्याला मरण नाही. जागा कुठे बघताय?