लोटो की थंडरबॉल? आठवड्याचे चार पाउंड कुठे घालावेत?

प्रश्न – नवखा_यूके

नमस्कार मंडळी. ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीतला एकच खेळ नियमित खेळायचा आहे. आठवड्याला चार पाउंड, त्यापुढे एक पेनीही नाही. लोटोचं तिकीट दोन पाउंडांचं आणि सोडती दोन, बुधवार-शनिवार. थंडरबॉल एका पाउंडाचा आणि सोडती चार: मंगळ, बुध, शुक्र, शनि. म्हणजे सगळ्या सोडती खेळल्या तरी दोन्हीकडे खर्च सारखाच. लोटोत 'कुठलंही बक्षीस' लागण्याची शक्यता साधारण ९ मध्ये १ आणि थंडरबॉलमध्ये १२-१३ मध्ये १ असं वाचलं. मग लोटोच बरा ना? की मी काही चुकीचं वाचतोय?

उत्तर – आकडेमोड

वाचलंय बरोबर, पण 'कुठलंही बक्षीस' या शब्दांतच मेख आहे. लोटोच्या त्या ९ मध्ये १ मध्ये बहुतेक वाटा दोन आकडे जुळण्याचा आहे, आणि दोन जुळले की रोख मिळत नाही, फुकट लकी डिप (यंत्राने निवडलेल्या आकड्यांचं पुढच्या सोडतीचं तिकीट) मिळतं. ते बाजूला काढा आणि फक्त रोख बक्षीस मोजा. लोटोत शक्यता ९२ मध्ये १ वर येते. थंडरबॉलमध्ये प्रत्येक बक्षीस रोख आहे, म्हणून तिथे ती १२.४ मध्ये १ च राहते. तुलना या दोन आकड्यांची करायची.

हे येतं कुठून ते दाखवतो, म्हणजे स्वतः पडताळता येईल. लोटोत ५९ मधून ६ आकडे (ऑक्टोबर २०१५ च्या आधी ४९ मधून ६ होते). एकूण जोड्या (सहा आकड्यांचे शक्य गट) ४,५०,५७,४७४. त्यातल्या ४,६८,५२० जोड्यांत नेमके तीन आकडे जुळतात, म्हणजे ९६ मध्ये १, बक्षीस ३० पाउंड. चार जुळायला २,१८० मध्ये १, १४० पाउंड. पाच जुळायला १,४४,४१५ मध्ये १, १,७५० पाउंड. पाच आणि बोनस चेंडू (सहा आकड्यांनंतर निघणारा सातवा) ७५,०९,५७९ मध्ये १, दहा लाख पाउंड.

थंडरबॉलमध्ये ३९ मधून ५ आणि वेगळ्या १४ मधून एक थंडरबॉल, एकूण ८०,६०,५९८ जोड्या. नुसता थंडरबॉल जुळला तरी ३ पाउंड (२९ मध्ये १), त्याबरोबर एक आकडा जुळला तर ५ (३५ मध्ये १), दोन जुळले तर १० (१३५ मध्ये १). थंडरबॉलशिवाय तीन जुळले तरी १० (१११ मध्ये १). सगळं जुळलं तर ५ लाख पाउंड.

आता वर्षाचा हिशोब. २०८ पाउंड घातलेत असं धरा. लोटोच्या १०४ ओळींत (ओळ म्हणजे निवडलेल्या आकड्यांचा एक संच) तीन आकडे सरासरी एकदाच जुळतात. जॅकपॉट (सहाही आकडे जुळल्याचं बक्षीस) आणि दहा लाखांचं बक्षीस सोडलं तर लोटोतून सरासरी ४० ते ४५ पाउंड परत येतात, फुकट तिकिटं धरून. थंडरबॉलमधून, वरची दोन बक्षिसं सोडून, साधारण ९५. त्यात नुसता थंडरबॉल सातेक वेळा आणि थंडरबॉलसह एक आकडा सहाएक वेळा जुळतो. तोटा दोन्हीकडे आहे, पण तुमची मर्यादा पक्की असेल तर थंडरबॉलमध्ये तो हळू होतो.

उत्तर – शनिवारची_सोडत

आकडेमोड यांचा हिशोब बरोबर आहे, पण त्यांनी सर्वात वरचा भाग बाजूला ठेवलाय आणि लोटो लोक त्याच भागासाठी खेळतात. तोही मोजूया. दोन पाउंडांत लोटोची एक ओळ येते, तर दहा लाख किंवा त्याहून जास्त लागण्याची शक्यता ६४ लाख ३७ हजारांत १. तेवढ्याच पैशांत थंडरबॉलच्या दोन ओळी येतात, तर ५ लाख लागण्याची शक्यता ४० लाख ३० हजारांत १. घर विकत घेण्याइतकी एकदाच मोठी रक्कम हवी असेल तर लोटोचा पर्याय अगदीच वेडगळ नाही.

माझं मत असं, की लोटो खेळायचाच तर सरसकट नको. जॅकपॉट पाच वेळा रोलओव्हर झाला, म्हणजे कुणालाच न लागता पुढच्या सोडतीत गेला, की पुढची सोडत 'मस्ट बी वन', त्यात तो वाटलाच जातो. सहा आकडे कुणालाच लागले नाहीत तर ती रक्कम खालच्या बक्षिसांत वाटली जाते आणि तीन आकडेवाल्यांनाही नेहमीच्या ३० पेक्षा जास्त मिळतात. मधले बुधवार-शनिवार सोडा, ते पैसे साठवा आणि त्याच सोडतीला खेळा.

उत्तर – आकडेमोड

सल्ला पटतो, एक भर घालतो. लोटोच्या दोन पाउंडांतून सरासरी परतावा थंडरबॉलच्या दोन ओळींइतका (साधारण १ पाउंड ६ पेन्स) व्हायला, जॅकपॉट एकट्याला मिळेल असं धरलं तरी तो सुमारे दोन कोटी पाउंडांचा लागतो. ४० लाखांच्या जॅकपॉटवर हा परतावा ७० पेन्सच्याही खाली राहतो. मस्ट बी वनला वाटणीमुळे तो वर जातो हे खरं, पण त्या दिवशी तिकिटंही जास्त खपतात आणि जॅकपॉट विभागला जाण्याची भीतीही वाढते.

विभागणी ही किरकोळ गोष्ट नाही. १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ आले आणि तब्बल १३३ जणांनी जॅकपॉट वाटून घेतला, प्रत्येकी १,२२,५१० पाउंड. ते आकडे प्लेस्लिपच्या मधल्या उभ्या ओळींत होते, तिथे खुणा करायला हात आपसूक जातो. २३ मार्च २०१६ ला निकालात सातच्या पटीतले पाच आकडे आले आणि पाच आकडेवाले निघाले ४,०८२. प्रत्येकाला १५ पाउंड, तर तीन आकडेवाल्यांना २५! तेव्हा पाच आकड्यांची रक्कम विजेत्यांत वाटली जायची. आता ती ठरलेली आहे, त्यामुळे तो धोका मुख्यतः जॅकपॉटपुरता उरलाय. जन्मतारखा लावल्या की तुमचे सगळे आकडे ३१ च्या आत अडकतात. जिंकण्याची शक्यता त्याने कमी होत नाही, पण वाटेकरी वाढतात.

नवखा_यूके

समजलं. मग थंडरबॉल, आणि लोटो फक्त मस्ट बी वनला. पण मस्ट बी वनच्या आठवड्यात थंडरबॉलच्या दोन सोडती सोडतो, म्हणजे चार पाउंडच होतील. कागदी तिकीट घेतलं तर काय चुकू शकतं?

उत्तर – काउंटरपलीकडे

सगळ्यात जास्त घोटाळा दिवस आणि आठवडे यांच्या चौकटीत होतो. थंडरबॉलच्या स्लिपवर चारही दिवसांना खूण करून एका आठवड्याऐवजी दोन आठवडे निवडले की एका ओळीचे ८ पाउंड होतात. पैसे देण्याआधी तिकिटावर छापलेल्या सोडतीच्या तारखा मोजा. आकडे चुकले असतील तर लगेच, काउंटरवरच सांगा.

सोडतीच्या दिवशी विक्री संध्याकाळी ७:३० ला बंद होते. त्यानंतर घेतलेलं तिकीट पुढच्या सोडतीचं असतं, म्हणून तारीख बघणं दुप्पट महत्त्वाचं.

मागे नाव-पत्ता लिहा. तिकीट हरवलं तर ते तुमचंच होतं हे सिद्ध करणं फार अवघड जातं. दावा सोडतीपासून १८० दिवसांत करायचा. लोटोत दोन आकडे जुळल्यावरचं लकी डिपही कागदी तिकीट दुकानात दाखवल्याशिवाय मिळत नाही, आणि 'काहीच लागलं नाही' म्हणून लोक तेच फेकून देतात.

दोघा-तिघांत मिळून खेळणार असाल तर कुणाचा किती वाटा ते सोडतीआधी कागदावर लिहून सह्या करा. ब्रिटनमध्ये बक्षिसावर कर नाही, पण असा लेखी करार नसताना एकाने रक्कम घेऊन इतरांना दिली, तर ती भेट धरली जाऊ शकते आणि देणारा सात वर्षांच्या आत वारला तर वारसा कराचा प्रश्न येतो.