खासगी वैमानिक परवान्याची लेखी परीक्षा : नेव्हिगेशनसाठी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये राहतो आणि येथील खासगी वैमानिक परवान्याच्या लेखी परीक्षांची तयारी करत आहे. एकूण 9 विषय असून प्रत्येकात किमान 75 टक्के गुण लागतात व सर्व पेपर 18 महिन्यांच्या मुदतीत संपवावे लागतात. हवाई कायदा आणि हवामानशास्त्र पार पडले. नेव्हिगेशन मात्र अडून बसले आहे.

अडचण अशी की, नकाशावर मोजलेली दिशा खऱ्या उत्तरेपासून असते, होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते, आणि हवामान अंदाजातील वारा खऱ्या उत्तरेपासून दिलेला असला तरी विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याकडून रेडिओवर सांगितला जाणारा वारा चुंबकीय असतो. फ्लाइट कॉम्प्युटरच्या (हाताने फिरवायच्या गणकपट्टीच्या) चकतीवर वाऱ्याची दुरुस्ती केल्यानंतर पश्चिमेचे व्हेरिएशन (खरी व चुंबकीय उत्तर यांमधील कोन) मिळवायचे, हे मला पाठ आहे. तरीही घड्याळाकडे लक्ष गेले की मी ते कधी आधीच मिळवतो, तर कधी चक्क वजा करतो. (वेळ, वेग आणि इंधनाची गणिते त्याच चकतीवर बिनचूक येतात, याचेच नवल वाटते.)

हा क्रम अंगवळणी पडावा म्हणून आपण गणिते कोणत्या पद्धतीने मांडत होतात? होकायंत्राचे डेव्हिएशन (विमानातील धातू व विद्युत उपकरणांमुळे त्यात येणारी चूक) त्याच तक्त्यात घ्यावे की वेगळे ठेवावे, हेही कृपया सांगावे.