मदत हवी आहे: बॅकअप सर्व्हरचं सेल्फ साइन्ड (सर्व्हरने स्वतःच सही केलेलं) सर्टिफिकेट बदलून सीएचं (सर्टिफिकेशन अथॉरिटीचं) टाकायचंय, एजंट कनेक्टच होईनात

नमस्कार मंडळी, बॅकअप आणि सर्टिफिकेट या दोन्हीत हात घातलेलं कुणी इथे असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी एका नागरी सहकारी बँकेच्या आयटीत आहे. डिपार्टमेंट छोटं, सर्व्हर रूमपासून शाखेतल्या प्रिंटरपर्यंत सगळं आमच्याकडेच. व्हीएमवेअरवर सगळे व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालतात, बॅकअपला वीम बॅकअप अँड रेप्लिकेशन हे सॉफ्टवेअर, व्हर्जन १२. व्हीएमचे बॅकअप व्हीसेंटरमार्फत (सगळे व्हीएम सांभाळणारा व्हीएमवेअरचा सर्व्हर) जातात आणि काही जुने फिजिकल विंडोज सर्व्हर आहेत त्यांच्यावर वीमचे एजंट (बॅकअप घेणारे छोटे प्रोग्राम) टाकलेत. बॅकअप सर्व्हर मुद्दाम डोमेनच्या बाहेर, वर्कग्रुपमध्ये ठेवलाय. उद्या डोमेन ॲडमिनचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी बॅकअप तरी वाचावा म्हणून, आणि ते मी बदलणार नाहीये.

आता झालंय असं, की व्हीएपीटी (सुरक्षेतल्या त्रुटींची तपासणी) रिपोर्टमध्ये बॅकअप सर्व्हरच्या ९४०१ पोर्टवर सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट आहे, विश्वासार्ह नाही, असा शेरा आलाय. आरबीआयचं २०१८ चं नागरी बँकांसाठीचं सायबर सिक्युरिटीचं सर्क्युलर आल्यापासून असे शेरे बंद करून दाखवावेच लागतात, नुसतं "बघतो" म्हणून चालत नाही. वीम इन्स्टॉल करतानाच स्वतःचं सर्टिफिकेट बनवून घेतं, तेच आजवर चालू होतं.

आमच्या व्हेंडरचा इंजिनीअर आला, त्याने आमच्या डोमेनच्या विंडोज सीएवरून वेब सर्व्हर टेम्प्लेटचं सर्टिफिकेट काढलं, पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की एकत्र) केली, मेन मेनू, ऑप्शन्स, सिक्युरिटी टॅब, तिथे बॅकअप सर्व्हर सर्टिफिकेटसमोर इन्स्टॉल, असं करून टाकलं आणि गेला. कन्सोल नीट उघडत होता त्यामुळे झालं असंच सगळ्यांना वाटलं. रात्री व्हीएमचे जॉब झाले, पण एजंटवाला प्रोटेक्शन ग्रुप (वीममधली एजंट असलेल्या मशीनची यादी) रीस्कॅन केला की फेल. शेवटी जुनं सर्टिफिकेट परत लावलं तेव्हा एजंट बोलायला लागले.

मग डॉक्युमेंटेशन वाचलं तर तिथे म्हणतात की सबऑर्डिनेट सर्टिफिकेशन अथॉरिटी टेम्प्लेटचं सर्टिफिकेट काढा. म्हणजे बॅकअप सर्व्हर स्वतःच छोटा सीए होणार? हे वाचून जरा पोटात गोळाच आला. तसंही एक टेस्ट सर्व्हरवर काढून बघितलं, तिथे रिव्होकेशन (सर्टिफिकेट रद्द झालंय का ते) चेक होत नाही अशा अर्थाची एरर येते.

विचारायचंय ते असं. वरून साहेब म्हणतायत बाहेरून चांगल्या कंपनीचं सर्टिफिकेट विकत घ्या, पैशाचा प्रश्न नाही, तर ते चालेल का? आमच्या सर्व्हरचं नाव डॉट लोकलने संपतं. आणि सबऑर्डिनेट सीए देणं खरंच गरजेचं आहे का, असलं तर ते सुरक्षित कसं ठेवायचं? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा, खूप मदत होईल.

प्रतिसाद:
विकतचं विसरा. डॉट लोकलसारख्या आतल्या नावांना पब्लिक सीए १ नोव्हेंबर २०१५ नंतर सर्टिफिकेट देतच नाहीत, नियमच आहे तसा. नाव बदललंत तरी तुम्हाला जे लागतंय, म्हणजे ज्याने पुढे दुसरी सर्टिफिकेटं साइन करता येतील असं, ते कुठलाच पब्लिक सीए तुमच्या सर्व्हरला विकणार नाही. शिवाय पब्लिक सर्टिफिकेटची मुदत कमी कमी होत चाललीय, १५ मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस. दर दीड महिन्याला बॅकअप सर्व्हरचं सर्टिफिकेट बदलत बसणार का? साहेबांना हेच सांगा.

प्रतिसाद:
मी हे केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. वीमला साइन करायचा अधिकार लागतो कारण प्रत्येक एजंटला तो स्वतः एक क्लायंट सर्टिफिकेट काढून देतो आणि पुढे त्यावरच एजंट ओळखतो. वेब सर्व्हर टेम्प्लेटमध्ये सर्टिफिकेट साइनिंग हा की युसेज (की कशाला वापरता येते ती परवानगी) नसतो, म्हणून कन्सोल चालतो आणि एजंट अडकतात. सर्टिफिकेटच्या सबजेक्टमध्ये सर्व्हरचं पूर्ण नाव, प्रायव्हेट की किमान २०४८ बिटची, तिचा की टाइप एक्सचेंज, आणि बेसिक कन्स्ट्रेंट्समध्ये पाथ लेंग्थ (त्याच्याखाली अजून किती सीए बसू शकतात तो आकडा) ०. एमएमसीतून (विंडोजचा मॅनेजमेंट कन्सोल) सर्टिफिकेटची रिक्वेस्ट बनवताना प्रायव्हेट कीच्या टॅबमध्ये एक्सचेंज निवडायचं राहूनच जातं, ते आधी बघा.

एक अजून, तुमचा सीए दोन मजली असेल आणि खालच्या इश्यूइंग सीएलाच पाथ लेंग्थ ० लावलेली असेल तर त्याच्याखाली अजून सीए बसूच शकत नाही, चेन तुटते. ते सीएच्या स्वतःच्या सर्टिफिकेटमध्ये उघडून बघा.

आणि तुमची रिव्होकेशनची एरर, तिचं मूळ मला तुमच्या वर्कग्रुपमध्येच दिसतंय. विंडोज सीए डिफॉल्टने सीआरएलचा (रद्द झालेल्या सर्टिफिकेटांची यादी) पत्ता एलडॅपचा, म्हणजे डोमेनच्या डिरेक्टरीतला, टाकतो. डोमेनमधल्या मशीनला तो वाचता येतो, बाहेरच्याला नाही. बॅकअप सर्व्हरवर सर्टयुटिल या विंडोजच्या टूलची व्हेरिफाय कमांड युआरएलफेचसकट चालवा, कुठला पत्ता फेल होतो ते ओळीने दिसेल. सीएच्या एक्स्टेन्शन्स टॅबमध्ये एचटीटीपीचा पत्ता घाला, सीआरएल तिथे पब्लिश करा आणि मग सर्टिफिकेट नव्याने काढा. जुनं चालणार नाही, कारण तो पत्ता सर्टिफिकेटच्या आतच लिहिलेला असतो.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर आहे पण पोटात गोळा आला तो योग्यच होता असं मला वाटतं. तुमच्या डोमेनचा रूट (सगळ्यात वरचा सीए) सगळ्या पीसींवर ट्रस्टेड आहे. त्याच्याखालचा सीए बॅकअप सर्व्हरवर ठेवलात आणि ती प्रायव्हेट की कुणी उचलली, तर तुमच्या नेट बँकिंगच्या आतल्या सर्व्हरच्या नावानेसुद्धा सर्टिफिकेट काढता येईल आणि प्रत्येक पीसी त्यावर विश्वास ठेवेल. पाथ लेंग्थ ० ने फक्त अजून एक सीए काढता येत नाही, साधी सर्टिफिकेटं काढता येतातच. रॅन्समवेअरवाले बॅकअप सर्व्हरलाच आधी हात घालतात हे तर आपण सगळे जाणतो.

मी तुमच्या जागी असतो तर एक वेगळा छोटा रूट फक्त बॅकअपसाठी बनवला असता, नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर, आणि त्याची प्रायव्हेट की पेन ड्राइव्हवर तिजोरीत. आणि तो रूट ग्रुप पॉलिसीने फक्त एजंट असलेल्या सर्व्हरांच्या ओयूलाच (डोमेनमधला मशीनचा गट) दिला असता. बॅकअप सर्व्हर आणि व्हीएपीटी स्कॅनिंगचं मशीन दोन्हींवर तो रूट हाताने टाकायचा. शेरा पण जातो आणि बाकी डोमेनला धोका नाही.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्टयुटिल चालवलं, अगदी तेच, फक्त एलडॅपचा पत्ता होता आणि तोच फेल. वेगळ्या रूटची कल्पना साहेबांना आणि ऑडिटरला दोघांना पटली, ऑडिटरने लेखी डिझाइन नोट मागितलीय ती देतोय. सीआरएलसाठी आतल्याच एका वेब सर्व्हरवर फोल्डर केलंय, एचटीटीपीने उघडतंय.

टेस्टवर नवीन सर्टिफिकेट लावलं, एजंटच्या मशीनवर रूट टाकला, प्रोटेक्शन ग्रुप रीस्कॅन केला आणि या वेळी एजंट हिरवे दिसले. आता प्रॉडक्शनवर करायच्या आधी एवढंच विचारतो, काय जपायचं? आणि व्हीसेंटरचं सर्टिफिकेट पण याच महिन्यात बदलायचंय, ते आधी की हे आधी?

प्रतिसाद:
आधी कॉन्फिगरेशन बॅकअप घ्या आणि तो एन्क्रिप्टेड घ्या, एन्क्रिप्शन नसेल तर सेव्ह केलेले पासवर्ड त्यात येत नाहीत. फाइल बॅकअप सर्व्हरवरच ठेवू नका. हार्डन्ड लिनक्स रिपॉझिटरी (बॅकअप फाइल बदलता न येणारं लिनक्स स्टोरेज) असेल आणि ती सिंगल यूज क्रेडेन्शियलने (एकदाच वापरून वीममध्ये सेव्ह न होणारा पासवर्ड) जोडलेली असेल तर त्या मशीनचा कन्सोल आणि पासवर्ड हाताशी ठेवा, पुन्हा जोडायची वेळ आली तर एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) बंद असतं.

दोन्ही एकाच रात्री नको, काही फेल झालं तर कशामुळे ते कळणार नाही. वीमचं आधी करा, एजंटचे जॉब नीट चालले की मग व्हीसेंटर. व्हीसेंटरचं बदललं की वीमच्या बॅकअप इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये जाऊन त्या व्हीसेंटरची प्रॉपर्टीज उघडा आणि विझार्ड शेवटपर्यंत न्या, मध्ये नवीन सर्टिफिकेटबद्दल विचारेल तिथे थंबप्रिंट (सर्टिफिकेट ओळखायचा कोड) व्हीसेंटरवरच्याशी जुळवून मगच पुढे जा. ते केलं नाही तर रात्रीचे सगळे व्हीएमचे जॉब फेल.

धागाकर्ता:
शनिवारी रात्री डे-एंड संपल्यावर वीमचं करतोय, व्हीसेंटर पुढच्या शनिवारी. ग्रुप पॉलिसी आजच लावून ठेवतो म्हणजे तोवर सगळ्या सर्व्हरांवर रूट पोचलेला असेल. झालं की इथेच लिहितो.