साध्या लंबकाच्या प्रयोगात प्रत्येकाचे उत्तर ९.८ कसे येते?

प्रश्न (भौतिकशास्त्राची अध्यापिका, प्रथम वर्ष बी.एस्सी.):
मागच्या आठवड्यात वीस जणांच्या बॅचची जर्नले तपासली, तेव्हा साध्या लंबकावरून काढलेले गुरुत्वत्वरण एकूण एक विद्यार्थ्याचे पुस्तकातल्यासारखे ९.८ (मीटर प्रति सेकंद वर्ग) होते. एका मुलीच्या पानावर वीस आंदोलनांची वेळ पेन्सिलीने लिहून, खोडून, वर पेनाने गिरवलेली होती. उत्तरावरून उलटे गणित करून तिने ती काढली होती, हे उघड दिसत होते. मला तिचा राग आला नाही, कारण उत्तर जुळले नाही की गुण जातात, हे आम्हीच तिला शिकवले आहे. अभ्यासक्रमातला प्रयोग तोच ठेवून मुलांना खरोखर मोजायला कसे लावावे?

उत्तर १:
मॅडम, उपकरण तेच ठेवा, पण मुलांना पाठ नसलेले काही विचारा. एक मीटरचा लंबक एकदा ५ अंशांतून आणि एकदा ४० अंशांतून सोडायला सांगा आणि आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाला लागणारा वेळ, बदलतो का, एवढेच शोधायला लावा. तो आयामावर, म्हणजे लंबक किती कोनातून सोडला यावर, अवलंबून नसतो, असे मुले ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात दहा आंदोलनांत सुमारे अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, कारण नेहमीचे सूत्र लहान कोनापुरतेच खरे आहे. एकच आंदोलन मोजले तर हा फरक स्टॉपवॉच दाबण्यातल्या चुकीत बुडून जातो, म्हणून दहा का मोजायची, हे मग सांगावे लागत नाही. गोळा मात्र धातूचा, जड घ्या.

उत्तर २:
गुणदान बदलल्याशिवाय हे टिकणार नाही. आमच्याकडे निरीक्षणे पेनानेच लिहायची, चुकल्यास एक रेघ मारायची आणि तास संपण्यापूर्वी कागदावर शिक्षकाची सही घ्यायची, असा नियम आहे. एक मीटरच्या लंबकाच्या वीस आंदोलनांना लागणाऱ्या ४० सेकंदांत ०.२ सेकंदाची चूक झाली, तर आवर्तकालात अर्धा टक्का आणि सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे गुरुत्वत्वरणात एक टक्का चूक येते. म्हणजे ९.७ हे उत्तर बरोबरच आहे, आणि ते का, हे ज्याने लिहिले त्याला पूर्ण गुण द्यावेत.

प्रश्नकर्ती:
दोन्ही सूचना काल एका बॅचला लावून पाहिल्या. ६० सेंटिमीटर लांबीला एका मुलाचे उत्तर ९.६२ आले. त्याने ते खोडले नाही, बराच वेळ गोळा हातात फिरवत बसला आणि मग खाली लिहिले: "दोरी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली, १ सेंटिमीटरची त्रिज्या धरायची राहिली."